वेस्टमिन्स्टर ॲबीत नक्की कोण पुरलंय आणि कोणाची नुसती पाटी आहे?

नमस्कार मंडळी! तर मागच्या लंडन व्हिडिओखाली इतक्या जणांनी विचारलंय की आता बोलावंच लागणार. "ॲबीत शेक्सपिअरच्या समाधीचं दर्शन झालं, धन्य वाटलं," अशा कमेंटा आहेत, खाली हात जोडलेले इमोजी, आणि खाली अजून चार जण "भाग्यवान आहात". अहो, शेक्सपिअर तिथे नाहीये!

बेसिक पटकन सांगते, हे तुम्हाला कुठेही मिळेल. वेस्टमिन्स्टर ॲबी म्हणजे लंडनमधलं जुनं, मोठं चर्च. आत्ता दिसते ती इमारत इंग्लंडच्या राजाने, तिसऱ्या हेन्रीने, १२४५ मध्ये बांधायला घेतली, राज्याभिषेक इथे होतात, राजेराण्या इथे पुरल्यात, एकूण ३,३०० हून जास्त माणसं आत आहेत. पोएट्स कॉर्नर म्हणजे दक्षिणेकडचा कोपरा, तिथे लेखक-कवी. सुरुवात चॉसरपासून, १४०० साली, आणि तोही कवी म्हणून नाही, सरकारी नोकर होता आणि ॲबीच्या आवारात भाड्याने राहत होता म्हणून. झालं बेसिक.

आता मुद्दा. ॲबीत नाव दिसलं म्हणजे माणूस खाली आहे असं नाही. काहींना खरंच पुरलंय, काहींच्या अस्थी आहेत, आणि बऱ्याच जणांचं नुसतं स्मारक आहे, माणूस भलतीकडे. शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला, त्याच्या गावी, स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्याची कबर आहे, तिथून तो कधी हललेला नाही. ॲबीतला तो टेकून उभा असलेला पुतळा बसवला १७४१ च्या सुमारास, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. कादंबरीकार जेन ऑस्टिनची पण छोटी पाटी आहे, १९६७ ची, आणि बाई स्वतः विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये.

माझे सासरे आले होते इकडे, सांगलीकडे हायस्कूलला आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस. पुतळ्यासमोर गेले, टोपी काढली, दोन मिनिटं नुसते बघत राहिले. बाजूलाच आपल्याकडचा एक टूर ग्रुप होता आणि त्यांचा लीडर सांगतोय, इथे खाली शेक्सपिअर आहे, फोटो काढून घ्या, दहा मिनिटं आहेत. सासऱ्यांनी टोपी परत घातली आणि खणखणीत आवाजात, "ते स्ट्रॅटफर्डला हो, आठवीच्या पोरालाही माहितीये!" त्या लीडरने आमच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता भांडण होतं. नाही झालं, पण फोटो सगळ्यांनी काढलेच.

बरं, ओळखायचं कसं, हे सगळ्यात जास्त विचारलं गेलंय. बऱ्याच जणांचा फॉर्म्युला असतो, भिंतीवर असेल तर स्मारक आणि जमिनीवर असेल तर कबर. हे डोक्यातून काढून टाका बरं का. पश्चिमेच्या मोठ्या दारातून आत गेलं की हिरवट संगमरवराची फरशी दिसते, त्यावर लिहिलंय विन्स्टन चर्चिलला आठवा. जमिनीवर आहे, ऐसपैस आहे, आणि चर्चिल तिथे नाही! तो ऑक्सफर्डशायरमधल्या ब्लेडन गावच्या चर्चयार्डात आहे, आईवडलांजवळ. कवी बायरनचीही फरशी जमिनीवरच. तो १८२४ मध्ये ग्रीसमध्ये वारला, प्रेत इंग्लंडला आणलं, पण चालचलन बरं नव्हतं म्हणून ॲबीने दारात घेतलं नाही. शेवटी नॉटिंगहॅमशायरमधल्या हकनॉलला पुरला. ॲबीत फरशी बसली १९६९ मध्ये. म्हणजे राग जायला जवळजवळ दीडशे वर्षं, आपल्याकडे भाऊबंदकीतसुद्धा एवढं ताणत नाहीत.

आणि आता उलट बाजू. बेन जॉन्सन, शेक्सपिअरच्या काळातलाच नाटककार. त्याचं स्मारक पोएट्स कॉर्नरच्या भिंतीवर आहे, पण तो स्वतः पुरलाय दुसऱ्या बाजूला, नेव्हच्या, म्हणजे चर्चच्या मधल्या लांब भागाच्या, उत्तरेकडे, आणि उभा पुरलाय! जागा कमी घ्यायची म्हणून, असं सांगतात. म्हणजे एकाच माणसाची एकाच इमारतीत दोन ठिकाणं, आणि लोक चुकीच्या ठिकाणी हात जोडून मोकळे. न्यूटनचंही बघा, तो सोनेरी पडद्याजवळचा भला मोठा पुतळा, आकाशाचा गोल वगैरे, त्याच्यापुढे सगळे सेल्फी काढतात, आणि १७२७ मध्ये ज्या जागी त्याला पुरला ती साधी फरशी असते सेल्फीवाल्यांच्या बुटाखाली.

मग खात्रीचा उपाय काय? मजकूर वाचा. "इथे पुरलं आहे" अशा अर्थाचं काही लिहिलंय का बघा, न्यूटनच्या फरशीवर लॅटिनमध्ये आहे, त्याचे नश्वर अवशेष इथे ठेवले आहेत असं. तेच वाक्य इंग्रजीत स्टीफन हॉकिंगच्या दगडावर आहे, २०१८ मध्ये त्याच्या अस्थी न्यूटन आणि डार्विनच्या मधे पुरल्या. मजकुरावरून कळलं नाही तर तिथल्या हिरव्या-लाल झग्यातल्या लोकांना विचारा, त्यांना सगळं पाठ असतं. गूगल मॅपचे रिव्ह्यू वाचून ठरवू नका प्लीज.

एका ताईंनी विचारलंय, "कबरींवर पाय द्यावा लागतो का, आणि चपला काढायच्या का?" चपला नाही काढायच्या. आणि पाय, हो, पडतोच, सगळी जमीनच नावांनी भरलेली आहे. आपला हात आपोआप नमस्काराला जातो, मीही करते गुपचूप. फक्त अननोन वॉरियर, १९२० ची अनामिक सैनिकाची कबर, तिच्यावर कोणीच पाय ठेवत नाही, भोवती लाल पॉपीची फुलं असतात, राजघराण्याची लग्नंसुद्धा तिला वळसा घालून जातात.

ज्यांना नको होतं तेही आत आहेत, याची मला जास्त गंमत वाटते. कादंबरीकार डिकन्सने मृत्युपत्रात लिहिलेलं, गाजावाजा नको. १८७० मध्ये भल्या सकाळी मोजक्या माणसांत पुरला खरा, पण कबर उघडी ठेवली आणि हजारो लोक बघायला आले. डार्विनला डाऊन गावातच पुरायचं ठरत होतं, मित्रांनी खटपट करून १८८२ मध्ये ॲबीत आणला. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या घरच्यांनी मात्र ॲबीला सरळ नाही सांगितलं, ती हॅम्पशायरमध्ये ईस्ट वेलोला आहे आणि दगडावर तिच्या नावाची फक्त आद्याक्षरं आणि तारखा.

मुंबईकरांनो, तुमचाही एक आहे बरं का आत! लेखक रुडयार्ड किपलिंग. १८६५ चा जन्म मुंबईचा, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. त्याच्या अस्थी १९३६ मध्ये डिकन्सच्या शेजारी पुरल्या, ही खरी कबर, पाटी नाही. त्याची मतं मला पटत नाहीत, साम्राज्याचा भाट होता तो, पण जेजेच्या आवारातून जाणाऱ्यांनी पोएट्स कॉर्नरमध्ये ते नाव नक्की शोधा.

शेवटची कमेंट, "मॅडम, मग थॉमस हार्डी कुठल्या लिस्टमध्ये?" भारी प्रश्न! हा कादंबरीकार दोन्हीकडे. १९२८ मध्ये अस्थी ॲबीत पुरल्या आणि हृदय त्याच्या गावाकडे, डॉर्सेटमध्ये स्टिन्सफर्डला, कारण त्याला तिथेच जायचं होतं आणि लंडनकर सोडेनात. ते हृदय मांजराने खाल्लं अशी एक गोष्ट सांगतात, ती लिंक मला पाठवू नका, दंतकथा आहे, आलीये माझ्याकडे आधीच बऱ्याच वेळा.

पुढचा व्हिडिओ सेंट पॉल्सचा, म्हणजे लंडनच्याच दुसऱ्या मोठ्या चर्चचा; नेल्सन आणि वेलिंग्टन हे लढाया गाजवलेले दोघे सेनानी तिथे खरंच खाली आहेत. तिकीट वेगळं लागतं, ॲबीचं चालत नाही.