गंगाखेडच्या दुकानातले चार ब्राउझर

(दृश्य : पहाटेचा गोदावरीचा घाट, मग मुख्य रस्त्यावर वर सरकणारे शटर.)

संत जनाबाईंचे गाव म्हणून गंगाखेड साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या या तालुक्याच्या गावी सकाळी नऊच्या सुमारास हे शटर वर जाते, तेव्हा आत दोन संगणक, एक प्रिंटर, एक थम्ब मशीन आणि भिंतीलगतचे लांब बाकडे दिसते. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि जुलै लागला की खरिपाचा पीकविमा, अशी सारी कामे या दोन संगणकांवर होतात. ही सगळी कामे ज्या एका प्रकारच्या सॉफ्टवेअरमधून पार पडतात, त्याच्याकडे बाकड्यावर बसलेल्यांपैकी कोणाचेही लक्ष नसते. ते सॉफ्टवेअर म्हणजे इंटरनेटवरची पाने उघडून दाखवणारा ब्राउझर.

दुकान चालवणाऱ्या ताईंच्या संगणकांवर गेल्या काही वर्षांत चार ब्राउझर जमा झाले आहेत. एज विंडोजबरोबरच आला, क्रोम संगणक बसवून देणाऱ्याने टाकून दिला, फायरफॉक्स ताईंनी स्वतः उतरवून घेतला आणि ब्रेव्ह त्यांच्या भाच्याने. यांत वेगवान कोणता, सुरक्षित कोणता आणि आपल्या कामाप्रमाणे वळवून घेता येईल असा कोणता, हे पाहण्यासाठी आम्ही तीन दिवस या टेबलाशेजारी कॅमेरा लावून बसलो.

(दृश्य : अक्षरे पुसट झालेला कीबोर्ड, एंटरवर पडणारे बोट, पांढरा पडदा.)

एंटर दाबल्यावर ब्राउझर आधी त्या नावामागचा अंकी पत्ता शोधतो, सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करतो, पानाचा मजकूर उतरवून घेतो आणि तो वाचता वाचताच त्यात सांगितलेली चित्रे, मांडणीच्या फायली व जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातल्या हालचाली घडवणाऱ्या आज्ञा, मागवू लागतो. मग कोणती गोष्ट पडद्यावर कुठे बसेल याचे गणित मांडून तो पान रंगवतो. आधी कोरे राहिलेले पान, मग उमटलेले शीर्षक आणि नंतर अचानक खाली सरकलेला तक्ता, हे सारे या क्रमामुळे दिसते. जावास्क्रिप्ट चालवण्याचे काम क्रोम, एज आणि ब्रेव्हमध्ये व्ही8 हे इंजिन करते, फायरफॉक्समध्ये स्पायडरमंकी.

हा वेग मोजण्यासाठी स्पीडोमीटर नावाची चाचणी आहे. तिची 3.0 ही आवृत्ती मार्च 2024 मध्ये आली आणि ॲपल, गूगल (क्रोम), मायक्रोसॉफ्ट (एज) व मोझिला (फायरफॉक्स) या ब्राउझर बनवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांनी ती एकत्र येऊन घडवली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो. यादीत कामे जोडणे, ती झाल्याची खूण करणे, मजकूर दुरुस्त करणे, आलेख काढणे अशा कृती ती ब्राउझरकडून झपाट्याने करवून घेते आणि गुण देते. या गुणांत क्रोम आणि त्याच्या घराण्यातले एज, ब्रेव्ह हे ब्राउझर बहुधा पुढे असतात आणि फायरफॉक्स मागे राहतो. हे मान्यच केले पाहिजे. मात्र ताईंच्या टेबलावरचा खोळंबा निराळ्याच कारणाने होतो.

(दृश्य : एकच बातमीचे पान दोन खिडक्यांत शेजारी शेजारी.)

डावीकडे क्रोम आहे आणि उजवीकडे युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची पुरवणी, बसवलेला फायरफॉक्स. संगणक तोच आहे, 4 जीबी रॅमचा, आणि नेटही तेच. डावीकडे बातमीच्या दोन ओळी दिसतात न दिसतात तोच त्यांच्यावर जाहिरात येते, कोपऱ्यात व्हिडिओ सुरू होतो आणि मजकूर पुन्हा खाली जातो. उजवीकडे मात्र बातमी केव्हाच उघडून स्थिर झालेली आहे. जाहिरातींबरोबर आपला माग ठेवणाऱ्या अनेक छोट्या आज्ञावल्या उतरत असतात, आणि जुन्या संगणकाचा जीव पानाच्या मूळ मजकुरापेक्षा त्या ओझ्याखाली अधिक गुदमरतो. ताईंनी आणखी एक पान उघडून दाखवले, जिथून विद्यार्थी अर्जाचा नमुना घेतात. त्यावर हिरव्या रंगाची चार 'डाउनलोड' बटणे आहेत. त्यांतले खरे एकच आहे, आणि तेच सर्वांत लहान आहे.

जाहिरात अडवण्याची ही सोय आता सर्वत्र सारखी उरलेली नाही, आणि यामागची हकीकत सविस्तर सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. पूर्वी अडवणूक करणारे एक्स्टेन्शन ब्राउझरमधून बाहेर जाणारी प्रत्येक मागणी स्वतः तपासून जागच्या जागी थांबवू शकत असे. गूगलने मॅनिफेस्ट व्ही3 हे नवे नियम आणले, ज्यांनुसार एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधी ब्राउझरच्या हाती द्यायची आणि थांबवण्याचे काम ब्राउझरने करायचे. 2024 आणि 2025 या दोन वर्षांत क्रोममधून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने टप्प्याटप्प्याने बंद झाली. त्यांत युब्लॉक ओरिजिनही गेले आणि त्याची मर्यादित ताकदीची 'लाइट' आवृत्ती तेवढी उरली. हा बदल सुरक्षितता आणि वेग यांसाठी असल्याचे गूगलने सांगितले आहे. त्याचबरोबर, गूगलच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग जाहिरातींतून येतो, हेही प्रेक्षकांनी ध्यानात ठेवावे. फायरफॉक्सने नवे नियम स्वीकारताना जुनी पद्धतही चालू ठेवली. ब्रेव्हमध्ये ही अडवणूक ब्राउझरच्या गाभ्यातच बांधलेली असल्यामुळे तो एक्स्टेन्शनच्या नियमांवर अवलंबून राहिला नाही.

(दृश्य : मोंढ्यातली ट्रॅक्टरची रांग, लाल, निळी, हिरवी बोनेटे.)

ट्रॅक्टर घेताना आपला शेतकरी बोनेटच्या रंगाला भुलत नाही, तो इंजिन कोणाचे आहे हे विचारतो. ब्राउझरच्या बाबतीत हा प्रश्न फार कमी जण विचारतात. 1998 मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड, म्हणजे तो ज्या आज्ञांतून घडतो तो मूळ मजकूर, सर्वांसाठी खुला केला आणि त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. त्याच प्रकल्पातून 9 नोव्हेंबर 2004 रोजी फायरफॉक्स 1.0 बाहेर आला, आणि त्याच्या पान रंगवणाऱ्या इंजिनाचे नाव गेको. दुसऱ्या बाजूला केडीई या मुक्त प्रकल्पातील केएचटीएमएल इंजिनावरून ॲपलने आपल्या सफारी ब्राउझरसाठी वेबकिट घडवले, 2008 मध्ये आलेला क्रोमही वेबकिटवरच चालू लागला आणि 2013 मध्ये गूगलने त्याची वेगळी शाखा काढून तिला ब्लिंक हे नाव दिले. त्याच वर्षी ऑपेरा या ब्राउझरने स्वतःचे प्रेस्टो इंजिन सोडले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2018 मध्ये एजसाठी गूगलच्या क्रोमियमचा, म्हणजे क्रोमच्या खुल्या पायाचा, आधार घेण्याचे जाहीर केले आणि जानेवारी 2020 मध्ये तो नवा एज आला. ब्रेव्ह आणि व्हिवाल्डी हे ब्राउझर तर मुळातच क्रोमियमवर उभे आहेत. म्हणजे ताईंच्या चार ब्राउझरांपैकी तिघांच्या बोनेटखाली एकच इंजिन आहे, आणि वेगळ्या इंजिनाचा फायरफॉक्स एकटाच आहे.

एकाच इंजिनाची सत्ता म्हणजे काय, हे या दुकानांनी पूर्वी भोगले आहे. अनेक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी 'इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे' अशी सूचना असे, आणि तो ब्राउझर 15 जून 2022 रोजी निवृत्त होईपर्यंत काही कामे त्याच्याशिवाय होत नसत. आता त्या सूचनेची जागा क्रोमच्या नावाने घेतली आहे. फायरफॉक्समध्ये अडणाऱ्या एका सेवेसाठी ताईंना क्रोम ठेवावाच लागतो, आणि मोझिलाचे बहुतेक उत्पन्न गूगलशी केलेल्या शोधसेवेच्या करारातून येते, हीदेखील वस्तुस्थिती आहे.

(दृश्य : दुसरा, जुना संगणक, त्याच्या कॅबिनेटवर चिकटवलेला देवीचा फोटो.)

हा दुसरा संगणक विंडोज 7 वर चालतो. या विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार 14 जानेवारी 2020 रोजी संपला. क्रोमची या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती 109 ठरली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये आलेल्या 110 पासून त्याची दारे या संगणकासाठी बंद झाली. मोझिलाने मात्र फायरफॉक्स 115 च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या देणे सुरू ठेवले आणि मूळ मुदत संपत आल्यावर ती एकाहून अधिक वेळा वाढवली. खालची विंडोजच जुनी असल्यामुळे हा संगणक पूर्ण सुरक्षित झाला असे कोणी समजू नये, आणि ताई बँकेची कामे त्यावर करत नाहीत. पण सातबारा काढण्यापुरते त्याला चालते ठेवले, ते या एका ब्राउझरने.

सुरक्षिततेत चौघेही आज एकमेकांच्या जवळ आले आहेत. वेगवेगळी संकेतस्थळे वेगवेगळ्या बंदिस्त प्रक्रियांत चालवण्याची पद्धत क्रोमने आधी रुळवली, 2018 मध्ये एका संकेतस्थळाची प्रक्रिया दुसऱ्यापासून पूर्ण अलग केली आणि 2021 मध्ये फायरफॉक्सनेही ते साधले. याबाबतीत क्रोमचे ऋण प्रत्येकाने मानले पाहिजे. जून 2022 पासून फायरफॉक्स प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज, म्हणजे आपल्याला ओळखण्यासाठी त्याने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, वेगळ्या बरणीत ठेवल्यासारख्या ठेवतो, त्यामुळे एका संकेतस्थळावरचा माग दुसऱ्यावर काढणे अवघड होते. कुलपाच्या चिन्हाबद्दल मात्र सावध राहावे. कुलूप म्हणजे मधल्या वाटेवर कोणी वाचत नाही एवढीच हमी असते, समोरचा खरा असल्याची नव्हे. लोक या दोहोंत गल्लत करतात म्हणूनच क्रोमने 2023 मध्ये ते चिन्ह काढून टाकले. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या पानावर माहिती भरलेल्या एका शेतकऱ्याचे पैसे गेले, ते अद्याप परत आलेले नाहीत.

(दृश्य : पडद्यावर वरच्या ओळीत निळा, नारिंगी, हिरवा असे रंगीत टॅब.)

आता जे दिसत आहे, त्यासाठी आम्ही कॅमेरा सर्वांत जास्त वेळ लावला. जुलैअखेरच्या गर्दीत ताईंना एकाच संकेतस्थळावर तीन-चार जणांची खाती उघडी ठेवावी लागतात, आणि साध्या ब्राउझरमध्ये एकाने लॉगिन केले की दुसरा बाहेर फेकला जातो. फायरफॉक्ससाठी मोझिलाने काढलेल्या मल्टी-अकाउंट कंटेनर्स या एक्स्टेन्शनमुळे एकाच खिडकीत प्रत्येक टॅबचे लॉगिन वेगळे राहते आणि टॅबवर रंगाची रेघ येते. बाकड्यावरच्या पहिल्या काकांना ताईंनी निळा रंग दिला आहे, दुसऱ्या मावशींना नारिंगी. चिठ्ठ्यांवरही त्यांनी त्याच रंगाच्या पेनाने खूण केली आहे. क्रोममध्ये हेच काम वेगवेगळ्या प्रोफाइल करून जमते, पण प्रत्येकाची खिडकी वेगळी उघडते आणि 4 जीबी रॅमवर ती अडचण लगेच जाणवते.

दुसरी सोय अक्षरांची आहे. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये भाषेच्या भागात फॉन्टचा प्रगत पर्याय उघडला की देवनागरीसाठी स्वतंत्र फॉन्ट आणि अक्षरांचा किमान आकार नेमता येतो, इंग्रजीला हात न लावता. क्रोममध्येही फॉन्ट व किमान आकार बदलता येतो, परंतु त्याच्या सेटिंगमध्ये लिपीनुसार वेगळा ठरवता येत नाही. ताईंनी देवनागरीचा किमान आकार वाढवला आणि गट क्रमांकाखालची बारीक जोडाक्षरे स्पष्ट झाली, तेव्हा काय झाले ते पाहावे.

(दृश्य : आजोबा चष्मा न लावता पडद्याजवळ झुकून स्वतःचे नाव वाचतात. निवेदन नाही.)

ज्यांना बटणांपासून कळफलकाच्या खुणांपर्यंत सगळेच बदलायचे असते, त्यांच्यासाठी 2016 मध्ये आलेला व्हिवाल्डी उत्तम आहे. एक्स्टेन्शन मात्र कोणत्याही ब्राउझरमध्ये मोजकेच बसवावे, कारण परवानगी दिलेले एक्स्टेन्शन तुम्ही उघडलेले प्रत्येक पान वाचू शकते.

(दृश्य : दुपार. पंखा थांबतो, इन्व्हर्टरची शिट्टी, पडदा काळा.)

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि इन्व्हर्टरची बॅटरी आधीच उतरलेली असल्यामुळे संगणक बंद पडला. मराठवाड्यात ही रोजची बाब आहे, म्हणून बंद पडण्याआधीचे टॅब परत आणण्याची ब्राउझरची सोय इथे शहरापेक्षा अधिक मोलाची ठरते. ही सोय चौघांतही आहे. वीज आल्यावर ताईंनी 'रिस्टोअर' दाबले आणि निळा, नारिंगी, हिरवा असे सगळे टॅब आपापल्या रंगांसह परत आले. संकेतस्थळाने मात्र दरम्यान लॉगिन तोडले होते, आणि ते परत जोडणे कोणत्याही ब्राउझरच्या हाती नसते. ताईंनी निळ्या टॅबवर जाऊन पुन्हा ओटीपी मागवला आणि बाकड्याकडे पाहिले.

(दृश्य : काका खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढतात, पिशवीतून मोबाइल काढतात आणि आकडे एकेक करून वाचू लागतात.)