नऊ वर्षांचा फरक

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नात्यागोत्यातल्या एकट्या राहिलेल्या आज्या मनातल्या मनात मोजून बघा. मग एकटे राहिलेले आजोबा मोजा. दुसरी मोजणी पटकन उरकेल. लग्नात नवरा वयानं मोठा असतो, हे त्याचं एक कारण झालं. पण तेवढंच नाही. पुरुषाला हृदयविकार बाईच्या आधी गाठतो, हे जगभर दिसून आलंय. किती आधी, याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर ‘इंटरहार्ट’ नावाच्या अभ्यासातून मिळालं. डॉ. सलीम युसूफ त्याचे प्रमुख, आणि तो प्रसिद्ध झाला २००४ मध्ये. भारत धरून ५२ देशांतले, पहिलाच झटका आलेले पंधरा हजारांवर रुग्ण त्यात होते, आणि तुलनेला जवळपास तितकीच धडधाकट माणसं. पहिला झटका येण्याचं मधलं वय पुरुषांत ५६ निघालं, बायकांत ६५. नऊ वर्षांचा फरक. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांचं, बायका-पुरुष मिळून, सरासरी वय आलं ५३, आणि इतर देशांचं साधारण ५९. म्हणजे आपल्याकडचा पुरुष दोन्हीकडून मार खातो, पुरुष म्हणूनही आणि इथला म्हणूनही.

आता ही नऊ वर्षं आली कुठून? कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. ‘बायकांना हार्मोन वाचवतात.’ आम्हा डॉक्टर मंडळींचंही बरीच वर्षं हेच म्हणणं होतं. पाळी चालू आहे तोवर इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन सांभाळतं, पाळी गेली की बाईही पुरुषाच्या रांगेत येते. तर्क इतका सरळ वाटला की अमेरिकेत १९६० च्या दशकात चक्क पुरुषांनाच इस्ट्रोजेन देऊन पाहिलं. ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ असं त्या प्रयोगाचं नाव. एकदा झटका येऊन गेलेले हजारो पुरुष घेतले आणि त्यांच्या एका गटाला या गोळीची जास्त मात्रा दिली, दुसऱ्याला कमी. झालं भलतंच. जास्त मात्रा घेणाऱ्यांना पुन्हा झटके येऊ लागले, रक्तात गुठळ्या होऊ लागल्या, आणि १९७० मध्ये ती गोळी थांबवावी लागली. कमी मात्रेचाही उपयोग दिसेना, तीही १९७३ मध्ये बंद झाली. शिवाय अनेकांच्या छात्या बायकांसारख्या सुजल्या, ते वेगळंच. बिचाऱ्यांना हृदय सांभाळायचं म्हणून हे सोसावं लागलं.

मग म्हटलं, पुरुषांना नाही तर नाही, पाळी गेलेल्या बायकांना देऊन बघू. त्याचा मोठा प्रयोग अमेरिकेतच झाला. सोळा हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोनांची जोडगोळी दिली होती. २००२ मध्ये तोही वेळेआधी गुंडाळावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग वाढला, पक्षाघात वाढला आणि हृदयाचे झटकेही कमी न होता वाढलेच. पुढे त्या आकड्यांची पुन्हा चाळणी झाली. पाळी गेल्यागेल्या गोळी सुरू करणाऱ्यांत चित्र इतकं वाईट नव्हतं, असं दिसलं. पण निव्वळ हृदय वाचवायचं म्हणून हार्मोनची गोळी द्यावी, असं आज कुठलाही जाणता डॉक्टर म्हणणार नाही.

इस्ट्रोजेन काहीच करत नाही, असं मात्र नाही. तरुण बाईचं वाईट कोलेस्टेरॉल त्यामुळे कमी राहतं, चांगलं जास्त राहतं. चरबी कमरेखाली, मांड्यांवर बसते. पुरुषाची पोटात, आतड्यांभोवती साठते आणि तीच घातक. म्हणून तर ज्या बाईचे इस्ट्रोजेन तयार करणारे बीजकोश ऐन पस्तिशी-चाळिशीत काढून टाकतात, तिचा हृदयविकाराचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तरुण वयात काढल्या गेल्या, त्यावर २०१९ मध्ये शासनानं चौकशी समिती नेमली, हे आपल्याला आठवत असेल. तेव्हा बोलणं झालं ते मजुरी बुडण्याचं आणि खासगी दवाखान्यांच्या बिलांचं. ते व्हायलाच हवं होतं. पण पिशवीबरोबर बीजकोशही गेले असतील तर त्या बायकांच्या हृदयाचं पन्नाशीत काय होणार, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

तर निसर्गाचा वाटा आहे, पण किती? इंटरहार्टच्याच आकड्यांवरून संशोधकांनी २००८ मध्ये हा हिशेब मांडला. तरुण वयात पुरुषांत तंबाखू जास्त, कोलेस्टेरॉल बिघडलेलं जास्त. हे बाजूला काढून पाहिलं, तर नऊ वर्षांतला मोठा भाग त्यातच मुरलेला निघाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पुरुषाच्या नशिबात लिहिलेलं म्हणून जे आपण सोडून देतो, त्यातलं बरंचसं त्यानं आपल्या हातानं ओढवून घेतलेलं असतं. आणि जे हातानं ओढवलं, ते हातानं परतवताही येतं.

याचा पुरावा फिनलंडमध्ये आहे. त्या देशाच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून, नॉर्थ करेलिया नावाचा भाग आहे. जंगल, तळी, गाईगुरं आणि कडाक्याची थंडी. १९७० च्या आसपास तिथल्या ऐन उमेदीतल्या पुरुषांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण जगात सर्वांत वरचं होतं. शेतकरी, लाकूडतोडे, अंगमेहनतीची माणसं ही. ‘काम करणाऱ्याला काही होत नाही’ असं आपल्याकडे म्हणतात ना, ते तिथे साफ खोटं ठरलं होतं. पावावर लोण्याचा जाड थर, सायीसकट दूध, खारवलेलं मांस, भाजीपाला जवळपास नाहीच, आणि निम्म्याहून जास्त पुरुषांच्या ओठात सिगारेट. शेवटी लोकांनीच सरकारकडे अर्ज केला आणि १९७२ मध्ये तिथे प्रकल्प सुरू झाला. त्याचे प्रमुख पेक्का पुस्का तेव्हा तिशीच्याही आतले होते.

त्यांनी इस्पितळं बांधत बसण्यापेक्षा स्वयंपाकघरात शिरायचं ठरवलं. ‘मार्था’ नावाची गृहिणींची जुनी संघटना तिथे गावोगाव होती. तिच्या बायका जेवणावळी घालायच्या, तोच कालवणाचा प्रकार कमी लोण्यात, कमी मिठात, जास्त भाज्या घालून करून वाढायच्या आणि कृती सांगायच्या. सॉसेज बनवणाऱ्यांना गाठून चरबीच्या जागी मश्रूम घालायला लावले. दुग्धव्यवसायवाले भडकले, तेव्हा शेतकऱ्यांना रानबेरींच्या लागवडीकडे वळवलं. पाव शतकात तिथल्या ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू जवळजवळ तीन चतुर्थांशांनी घटले. पुरुष तेच, हार्मोन तेच, जनुकंही तीच.

उलटं उदाहरण सीमेपलीकडचंच. सोव्हिएत संघ मोडला त्या काळात रशियात पुरुषाचं सरासरी आयुर्मान १९८७ च्या सुमारे ६५ वर्षांवरून १९९४ मध्ये साडेसत्तावन्नवर कोसळलं. दारू, हृदयविकार, अपघात, सगळं एकदम. बायकांचं आयुर्मानही उतरलं, पण तरी ७१ च्या आसपास टिकलं. सात वर्षांत माणसाचं शरीर बदलत नाही, जगणं बदलतं.

आता आपल्या घरी येऊ. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या शंभर प्रौढ पुरुषांमागे ४२ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे निघाले, बायकांत १४. आपल्या महाराष्ट्रात धुरापेक्षा चघळणं जास्त. ‘डॉक्टर, मी विडी-सिगारेट ओढत नाही,’ असं सांगताना समोरच्याच्या गालात चुना लावलेली चिमूट असते. चघळल्यानं फक्त तोंडाचा कॅन्सर होतो, हा गैरसमज पार डोक्यातून काढा. इंटरहार्टमध्ये नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला होता. आणि आपल्या माताभगिनींनीही निर्धास्त होऊ नये. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे, ती दात घासण्याची पावडर नाही.

दुसरी गोष्ट पोट. पुरुषाला घेर विचारा, तो पँटचा नंबर सांगतो. ‘चौतीस, कॉलेजपासून तोच.’ खरं आहे, कारण पट्टा दरवर्षी थोडा थोडा खाली सरकतो आणि पोट वरून बाहेर येतं. शिंपी वापरतो ती टेप घ्या. शर्ट वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही सीमा. टेप बायकोच्या हातात द्या, म्हणजे आकडा खरा येईल.

बायकांचं दोन शब्दांत सांगतो, कारण त्यांच्यावर वेगळ्या भाषणात बोलायला हवं. बाईला झटका उशिरा येतो म्हणून बाईला येतच नाही, असं घरच्यांनी धरलेलं असतं. पूर्वी आम्हीही धरलं होतं. अ‍ॅस्पिरिन आणि हृदयविकारावरचा अमेरिकेतला १९८० च्या दशकातला गाजलेला प्रयोग बावीस हजार डॉक्टरांवर झाला, सगळेच्या सगळे पुरुष. बाईच्याही झटक्यात छातीत दुखणं हेच बहुतेकदा मुख्य लक्षण असतं, पण सोबत धाप, मळमळ, पाठीत-जबड्यात कळ, अंग गळून जाणं, हे पुरुषापेक्षा जास्त. मग त्याला पित्त म्हणतात, ओवा देतात, सोडा देतात आणि दुपार जाते. आणि मधुमेह असेल तर त्या नऊ वर्षांच्या सवलतीचं काही खरं नाही. मधुमेहानं बाईचा धोका जितक्या पटीनं वाढतो, तितका पुरुषाचाही वाढत नाही.

बाईच्या बाजूनं एक गोष्ट मात्र चांगली घडते. विशी ते चाळिशीत ती बाळंतपणाच्या निमित्तानं दवाखान्यात येते. आशाताई तिला घेऊन येते, बीपी मोजलं जातं, शुगर तपासली जाते. गरोदरपणात बीपी चढलं किंवा शुगर वाढली, तर पुढे हृदयाला जपायचं आहे, याची ती आगाऊ सूचना असते. पुरुषाला या वयात कुणी हात धरून आणत नाही. त्याचं बीपी पहिल्यांदा मोजलं जातं ते विम्याच्या तपासणीत, नाहीतर थेट अतिदक्षता विभागात.

पण त्यालाही एक आगाऊ सूचना मिळते. आता मी जे बोलणार आहे, त्याला आवाज कमी करू नका. लिंगाला ताठरता न येणं, किंवा येऊन न टिकणं. तिथल्या रोहिण्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. शेतात गाळ साचला की आधी सरी तुंबते, पाट मागून, तसंच इथे होतं. छातीत दुखायला लागण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी ही तक्रार सुरू झालेली असते, असं अनेक रुग्णांत आढळलंय. प्रत्येक वेळी कारण रक्तवाहिन्याच असतात असं नाही. काळजी असते, मधुमेह असतो, बीपीच्या काही गोळ्यांनीही होतं. पण चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषात हे नव्यानं सुरू झालं, तर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासलंच पाहिजे. होतं काय, की दवाखान्यात माणूस गुडघ्यापासून मानेपर्यंत सगळं सांगतो, चिठ्ठी घेतो, उठतो, आणि दाराची कडी हातात धरून, पाठमोराच, हळूच म्हणतो, ‘आणि एक होतं, पण राहू द्या.’ त्याला मी परत बसवतो. जे असं दारापर्यंतही येत नाहीत, ते रेल्वेच्या कडेच्या भिंतीवरचा गुप्तरोगवाल्याचा फोन नंबर फिरवतात, नाहीतर मेडिकलमधून गुपचूप निळी गोळी आणतात.

त्या गोळीचा उगमही हृदयातलाच. सिल्डेनाफिल हे औषध १९९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये छातीच्या कळांसाठी तपासलं जात होतं. छातीला फारसा गुण येईना, पण भलत्याच ठिकाणी गुण येतो, असं दिसलं. १९९८ मध्ये ती वायग्रा नावानं बाजारात आली. योग्य माणसाला, डॉक्टरच्या सल्ल्यानं दिली तर ती गोळी वाईट नाही. पण एक जोडी जीव घेऊ शकते. छातीत दुखलं की जिभेखाली धरायची सोर्बिट्रेट आपल्याकडे अनेकांच्या खिशात, पाकिटात, देवघरातल्या डबीत असते. ती आणि ही निळी गोळी एकत्र झाल्या, की रक्तदाब इतका खाली जातो की माणूस जागीच कोसळतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिल या त्याच कामाच्या दुसऱ्या गोळीनंतर ४८ तास सोर्बिट्रेट घ्यायची नाही. शेजारच्या काकांनी प्रेमानं पुढे केली तरी नाही.

म्हणून रात्री-अपरात्री छातीत दाब आला, घाम फुटला, तर १०८ ला फोन करा, आणि गाडीतल्या डॉक्टरला पहिलं हे सांगा की काल-परवा ही गोळी घेतली होती. बायको शेजारी उभी असेल, थोरला मुलगा उभा असेल, सून उभी असेल. त्यांच्यासमोर सांगा.

नमस्कार.