स्वर तेच, वाट वेगळी

नमस्कार, श्रोतेहो. भूप आणि देसकार, दोन्हींचे स्वर तेच पाच. पण गवई उत्तरांगात रमला, धैवतावर जोर देऊ लागला, की जाणकार मान डोलावतो : हा देसकार. तुर्कस्तानच्या परंपरागत संगीतात असंच नातं हुसेनी आणि मुहय्यर या मकामांचं आहे.

मकाम म्हणजे साधारण आपला राग. या दोघांचे स्वर एक, न्यासाचा स्वरही एक. त्याला तिकडे ‘दुराक’ म्हणतात. फरक पडतो ‘सेयिर’मुळे, म्हणजे चलनामुळे. हुसेनी पंचमाच्या आसपास उघडतो. मुहय्यर तार षड्जाजवळ सुरू होऊन खाली उतरत येतो.

स्वरांचा हिशेबही बारीक. एका पूर्ण स्वरांतराचे नऊ भाग करायचे, प्रत्येक भाग एक ‘कोमा’. कानून या वाद्यात तारांच्या एका टोकाला धातूचे छोटे खटके असतात. वाजवता वाजवता डाव्या हाताने खटका फिरवला की सूर कोमा-दोन कोमा सरकतो. पण कागदावर फार विसंबू नका. ‘सेगाह’ हा स्वर एक कोमा उतरलेला लिहितात, आणि उश्शाक मकामात वादक तो त्याहूनही खाली घेतात. हे गुरूसमोर बसूनच कळतं. त्या तालमीला ‘मेश्क’ म्हणतात. शिष्य मांडीवर ताल देत गातो : ‘दुम’ उजव्या हाताने, ‘तेक’ डाव्या.

ताल म्हणजे ‘उसूल’. ‘आक्साक’ नऊ मात्रांचा, दोन-दोन-दोन-तीन असा. आणि ‘झेंजिर’? १६, २०, २४, २८ आणि ३२ मात्रांचे पाच उसूल एकापुढे एक जोडून १२० मात्रांचं एक आवर्तन! विलंबित तिलवाड्यात सम हुकणाऱ्यांनी स्वतःला फार दोष देऊ नये.

रेडिओवरून बोलतोय म्हणून हेही सांगायला हवं. पाश्चात्त्य वळणाचं संगीत रुजवण्याच्या भरात १९३४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानच्या रेडिओवर याच संगीताला बंदी झाली, ती १९३६ पर्यंत टिकली. लोकांनी काय केलं? रेडिओची खुंटी पिळून कैरो केंद्र लावलं.

आता ऐकू या हुसेनीतला एक ‘तक्सीम’. तालाशिवायची ही आलापी बासरीच्या कुळातल्या ‘नेय’वर आहे. वादक पंचमाशी किती वेळ घुटमळतो आणि दुराकावर केव्हा येतो, तेवढ्यावर कान ठेवा.