निरंक

[दृश्य: रस्त्याच्या कडेला उभी माणसं. घमेली, थाप्या, फडक्यात बांधलेले डबे.]

मे महिना, सकाळचे साडेसहा. या वेळी नागपुरात उतरलेल्या पाहुण्याला वाटतं, लोकांनी या गावाला उगाच बदनाम केलंय. आठ वाजता त्याला तसं वाटत नाही.

मानेवाडा रस्त्यावरचा हा एक ठिय्या. मिस्त्री, मजूर आणि रेजा, म्हणजे बांधकामावर जाणाऱ्या बायका, इथं रोज कामाची वाट बघत उभ्या असतात. ठेकेदार गाडीवरूनच बोटं दाखवतो, दोन किंवा चार, आणि तेवढी माणसं त्याच्या मागे निघतात. साडेनऊपर्यंत ज्याला कुणी नेलं नाही, तो बांधून आणलेला डबा घेऊन घरी परततो.

या गर्दीत आज दोघं वेगळी दिसतात. एक मुलगी, डोक्या-तोंडाला दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसावेत. नागपूरकरांना हे सांगायची गरज नाही. सोबत एक मुलगा, हातात पॅड आणि छापील प्रश्नावली. ती उमरेडची, एम.ए. राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला. तो वर्ध्याचा, कायदा शिकतो. सार्वजनिक धोरणांवर संशोधन करणाऱ्या एका ना-नफा संस्थेत दोघं या उन्हाळ्यापुरते इंटर्न आहेत.

ती पहिला प्रश्न वाचते. "उन्हात काम करताना आपणास कोणत्या शारीरिक व्याधी जाणवतात?"

समोरची काकू शेजारणीकडे बघते. "का म्हणते व ही?"

मुलगी कागद खाली करते. "काकू, ऊन लागलं होतं का तुम्हाला कधी?"

"ऊन तं रोजच लागते बाई. पडलो नाई आतापर्यंत, एवढंच."

पेन तसंच थांबतं. कागदावर दोनच चौकोन आहेत, होय आणि नाही.

[दृश्य: धरमपेठ. जुन्या घराचा वरचा मजला. खिडकीत कूलर.]

ही त्यांची संस्था. खाली घरमालक राहतात, वर पाच टेबलं आहेत. इथं काय चालतं हे शेजाऱ्यांना अजून नीटसं कळलेलं नाही. पलीकडच्या आजोबांचा समज होता की एमपीएससीचे क्लास घेतात. दिवसभर पोट्टे-पोट्टी मान खाली घालून बसलेले दिसले तर दुसरं काय वाटणार?

आजोबा फार चुकलेले नाहीत. इथं वाचायचंच काम असतं. शासन निर्णय, अर्थसंकल्पाची पुस्तकं, विधिमंडळातली प्रश्नोत्तरं. किती रुपयांची तरतूद झाली, त्यातले किती खर्च झाले, उरलेले कुठे वळले, हे ओळीनं लावत बसायचं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन या शहरात भरतं, त्यामुळे डिसेंबरात या मजल्यावर पाय ठेवायला जागा नसते. आमदारांचे सहायक येतात, पत्रकार येतात, 'तेवढे आकडे द्या ना' म्हणतात. तारांकित प्रश्नाला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला, 'हे अंशतः खरे आहे' असं उत्तर आलं की नेमका कोणता अंश, हे शोधायला इंटर्न बसवले जातात.

आत्ता मात्र मे आहे आणि आवाज आहे तो फक्त कूलरचा. मुलाखती घेताना आम्हाला तो बंद करावा लागला, नाहीतर आवाजाच्या फितीवर कूलरशिवाय काहीच उतरत नव्हतं. या माहितीपटातल्या मुलाखती इतक्या छोट्या का आहेत, याचं खरं कारण ते आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.ए.च्या पहिल्याच वर्षी ४ क्रेडिटचं प्रत्यक्ष काम करावं लागतं. क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. काही जण सही-शिक्क्याच्या कागदासाठी येतात आणि तसं सांगतातही. त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते दुसरं. अशा बऱ्याच संस्थांत इंटर्नला एक रुपया मिळत नाही, त्यामुळे शहरात घर असलेल्या आणि घरून खर्च भागणाऱ्या मुलांनाच 'धोरण' शिकता येतं. ही संस्था प्रवासखर्च आणि थोडंफार मानधन देते. उमरेडची मुलगी रोज एसटीनं येते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ते नसतं तर इंटर्नशिपसाठी नागपूर परवडलंच नसतं, असं ती सांगते.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. लांबलचक तक्ता.]

पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून एक चूक झाली. हे तिनंच सांगितलं, हसत.

जुने अहवाल, कात्रणं, सभागृहातली उत्तरं यांतून उष्माघाताच्या नोंदी काढून तालुकावार तक्ता भरायचा होता. ज्या तालुक्याचं काहीच सापडलं नाही, तिथं तिनं शून्य टाकलं. तक्ता पूर्ण भरला, दिसायलाही छान दिसत होता. संस्थेतल्या ताईंनी तो वरून खाली बघितला.

"हे शून्य कुणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही ताई. काही भेटलंच नाही."

"मग शून्य कसं? शून्य म्हणजे कुणीतरी मोजलं आणि एकही निघाला नाही. इथं मोजलं का, तेच आपल्याला ठाऊक नाही."

त्या संध्याकाळी तिनं एकेक शून्य खोडलं आणि शेवटची एसटी थोडक्यात चुकता चुकता पकडली.

सरकारी मराठीत या शून्याला एक भारदस्त शब्द आहे. निरंक. खालच्या कार्यालयातून वरच्या कार्यालयात अहवाल जातो, कळवण्यासारखं काही नसेल तर समोर लिहायचं, निरंक. आमच्या कॅमेरामनचे वडील तलाठी होते. घरात भाजी नसली की ते विचारायचे, 'आज भाजी निरंक वाटते?'

उष्माघाताच्या बाबतीत हा शब्द फार सहज लिहिला जातो आणि त्यात दरवेळी कुणाची लबाडी असते असंही नाही. उष्माघात म्हणायचा तर शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेलेलं आणि माणूस बरळायला लागलेला किंवा बेशुद्ध, असं डॉक्टरला दिसावं लागतं. पण रस्त्यात पडलेल्या माणसाच्या डोक्यावर लोक आधी बादलीभर पाणी ओततात, आणि तेच करायला हवं. तो दवाखान्यात पोचेपर्यंत अंग निवलेलं असतं, कधी कायमचं. दाखल्यावर हृदयविकार येतो. हृदय आधीच दुबळं असलेल्याच्या बाबतीत ते खोटंही नसतं.

आता ही दुसरी गंमत. वर्ध्याच्या मुलानं एका जुन्या सरकारी अहवालाची पीडीएफ उघडली आणि 'उष्माघात' हा शब्द शोधला. निकाल शून्य. पान तर समोर आहे, शब्द डोळ्यांना दिसतोय, संगणकाला दिसत नाही. अहवाल युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरं सगळ्या संगणकांना सारखीच ओळखू येणारी पद्धत, येण्याआधीच्या एका फाँटमध्ये टाइप केलेला. त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की इंग्रजी अक्षरं आणि कंस-स्वल्पविरामांचा काला होतो. मग काय, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत डोळ्यांनी वाचायचं. त्यानं चार दिवस तेच केलं. "तीन वर्षं कायदा शिकलो, पण एवढं सलग कधी वाचलं नव्हतं," हे त्याचं म्हणणं आम्ही त्याच्या परवानगीनं ठेवलंय.

त्या वाचनात त्याला एक यादी सापडली. आपत्तीत राज्यांना ज्यातून खर्च करता येतो, त्या आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्रानं ठरवलेल्या १२ आपत्तींची. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमकडा, ढगफुटी, कीड. बारावी, थंडीची लाट. उष्णतेची लाट त्या यादीत नव्हती. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगानंही ही यादी वाढवायची गरज मानली नाही. राज्याला स्वतःहून एखादी आपत्ती स्थानिक म्हणून जाहीर करता येते, पण त्यासाठी निधीच्या १० टक्क्यांचीच मुभा.

तो ताईंकडे गेला. "नागपूरच्या माणसानं ही यादी वाचली पाहिजे."

"वाचून काय करेल?"

"हसेल."

[दृश्य: सोनेगाव परिसर. दूरवर विमानतळ. रस्त्यावर मृगजळ.]

मैदानी भागात पारा ४५ अंशांना टेकला की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं, ४७ ला तीव्र लाट. हे आकडे सावलीतले असतात. तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, हवा खेळेल आणि ऊन लागणार नाही असा ठेवतात. स्लॅबवर उभ्या माणसाला पेटी नसते. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उन्हानं हाहाकार झाला, त्यावरून २०१३ साली त्या शहरानं देशातला पहिला उष्मा कृती आराखडा केला. नागपूरचा आला २०१६ साली. आराखडा म्हटलं तर साधाच असतो: लाट येणार हे आधी कळवा, दवाखाने तयार ठेवा, पाण्याची सोय करा, दुपारची कामं थांबवा. शेवटचं वाक्य ठिय्यावर वाचून दाखवलं तेव्हा एक मिस्त्री म्हणाले, "थांबवा नं. रोजी कोन देते मंग?" आराखड्यात याचं उत्तर शोधायचं काम आता वर्ध्याच्या मुलाकडे आहे.

[दृश्य: कोर्ट फी स्टॅम्प. तो चिकटवणारं बोट.]

संस्थेत माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकवतात. शिकवायला एक तास लागतो, जमायला महिना. उमरेडच्या मुलीचा पहिला मसुदा असा होता: 'उष्माघाताच्या मृत्यूंची नोंद योग्य रीतीने का होत नाही?' ताईंनी 'का'भोवती गोल केला. या कायद्यानं कार्यालयाकडे असलेला कागद मागता येतो, त्याचं मत किंवा स्पष्टीकरण नाही. तेव्हा कोणता कागद, कोणत्या काळातला, एवढंच लिहायचं. महाराष्ट्राच्या नियमानं एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. तिनं मोजले तेव्हा दोनशेच्या वर होते. 'महोदय' आणि 'कृपया' यांच्यातच बरेच गेले होते.

शेवटचा मसुदा लहान झाला. मागच्या पाच उन्हाळ्यांतले उष्माघाताचे संशयित मृत्यू, त्यांपैकी निश्चित ठरलेले, आणि त्यांची छाननी करणाऱ्या समितीच्या बैठकांच्या इतिवृत्ताच्या प्रती. १० रुपयांचा स्टॅम्प. माहितीचा अधिकार कायद्यानं नागरिकाला दिलाय, संस्थेला नाही, म्हणून अर्ज तिच्या नावानं आणि पत्ता उमरेडच्या घराचा. वडिलांनी विचारलं, "सरकारले पत्र कायले लिहून राहिली?" आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कार्यालयाला स्वतःच्या नावानं काही पाठवताना हात थोडा थरथरला, हेही ती सांगते. उत्तराला मुदत ३० दिवस.

[दृश्य: पुन्हा ठिय्या. पाण्याचा प्लास्टिकचा कॅन.]

तोवर नवतपा, म्हणजे मेअखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला होता. ठिय्यावरची ही चौथी फेरी. प्रश्नावली आता मुलांनी स्वतः पुन्हा लिहिलेली. 'व्याधी' गेल्या, 'ऊन लागणं' आलं. होय-नाहीच्या शेजारी मोकळी जागा आली, माणूस म्हणेल ते तसंच उतरवायला. छत्तीसगड, बालाघाटकडून आलेल्यांसाठी हिंदी प्रतही झाली.

"काकू, कामावर पाणी किती पिता दिवसभर?"

"कमीच पितो."

"साइटवर नसते का?"

"असते नं. भरून ठेवते ठेकेदार."

"मग?"

काकू मुलाकडे बघते. गप्प बसते. मुलाच्या लक्षात येतं, तो चार पावलं मागे, चहाच्या टपरीकडे सरकतो.

"पानी पेलं तं जाचं कुठं? गड्याचं ठीक आहे. दिवसभर रोकून धरतो आम्ही, घरी गेल्यावर मंग."

त्या दिवशी प्रश्नावलीत एक नवा प्रश्न हातानं लिहिला गेला: साइटवर बायकांसाठी संडास-मुतारी आहे का? उन्हाच्या अभ्यासात संडास कशाला, असं कुणीही विचारलं असतं. पुढच्या बाईनंही तेच सांगितलं, तिच्या पुढचीनंही. पण ठिय्यावरच्या काही बायका म्हणजे सगळं शहर नव्हे, म्हणून ताईंनी अहवालाच्या मसुद्यात 'नागपुरातील महिला मजूर' खोडून 'आम्ही ज्यांच्याशी बोललो त्या महिला मजूर' केलं. मुलीला ते आवडलं नाही. वाक्याचा जोर गेला, ती म्हणाली. तो गेलाच, आणि ताई काही बधल्या नाहीत.

[दृश्य: पावसाळी आकाश. रिकामं टेबल.]

जूनच्या शेवटी १२० तास भरले. टेबल आवरलं, सहीचा कागद मिळाला, तर्री-पोह्यांची पार्टी झाली. अहवालाच्या तक्त्यातले बरेच रकाने रिकामेच छापले जाणार होते, खाली बारीक अक्षरांत 'नोंद आढळली नाही'. तिचं पुढचं सत्र सुरू झालं.

उत्तर आलं ते उमरेडला, घरी. पाकिटात एकच पान. तिनं फोटो काढून पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. आम्ही त्या वेळी धरमपेठेत उरलेलं चित्रण करत होतो, त्यामुळे फोन स्पीकरवर ठेवला गेला. संबंधित कार्यालयाचा जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ, आणि खाली एक ओळ: 'उपरोक्त विषयान्वये सदर माहिती निरंक आहे.'

ताई काही बोलायच्या आतच पलीकडून आवाज आला. "ताई, हे मृत्यू निरंक आहेत, का समितीच्या बैठका निरंक आहेत? तेच तं नाही लिहिलं यांनी."

"मग?"

"अपील. पत्र भेटल्यापासून ३० दिवस आहेत नं?"

"आहेत. तुझ्याच नावानं करावं लागेल पण. २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. मी इथून पाठवू का?"

"नको ताई. उमरेडातच भेटते."