घंटीची आस

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी सहा-साडेसहाला सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. फिरायला निघालेली मंडळी तिघं-चौघं एका ओळीत, संगमेश्वराला निघालेल्या आज्या, किटल्या अडकवलेले दूधवाले, शाळेच्या आधी क्लास गाठणारी पोरं, आणि मधूनच रस्त्याच्या बरोबर मध्यावरून चाललेली एखादी म्हैस. या गर्दीतून मी निवृत्त झाल्यापासून रोज सायकल चालवतो. त्याआधी शाळेत विज्ञान शिकवलं. 'ध्वनी' हा धडा किती वर्गांना शिकवला त्याची गणती नाही, पण ध्वनीची माझी स्वतःची शिकवणी या रस्त्यावर एका आजींनी घेतली.

झालं असं. मुलानं मला गिअरची सायकल घेऊन दिली. सायकल देखणी, पण तिला घंटीच नव्हती. दुकानदार म्हणाला, "सर, आता घंटी कोण लावतंय? हा बॅटरीचा हॉर्न घ्या, सहा आवाज आहेत." मी घेतला. दुसऱ्या दिवशी पुढं एक आजी चालल्या होत्या, हातात फुलांची परडी. मी अगदी जवळ गेलो आणि बटण दाबलं. आजी जागच्या जागी उडाल्या, परडी खाली, जास्वंदी रस्ताभर. मी उतरून फुलं गोळा करायला लागलो. त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "काय वं, मागनं ट्रक आला वाटलं की!"

आजींचं बरोबर होतं. त्या आवाजात सायकल कुठंच नव्हती. हॉर्न ऐकला की माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस एक तर थिजतो नाही तर उडी मारतो. कुठल्या बाजूला मारेल हे त्यालाही ठाऊक नसतं. घंटीचं तसं नाही. घंटी म्हणजे सायकल, हे आपल्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं.

पण त्या दिवशीचा दोष सगळा हॉर्नवर टाकायचा, तर तेही खोटं. मी वाजवला कुठून? पाच फुटांवरून. आता जरा गणित करू, शिक्षकाची खोड जात नाही. सायकलचा वेग ताशी १८ किलोमीटर धरला, तर सेकंदाला ५ मीटर होतात. पाच फूट म्हणजे दीड मीटर. म्हणजे मी आजींना सेकंदाचा तिसरा हिस्सा दिला. तेवढ्यात पापणी लवते, बास. तीच सूचना २० मीटरवरून दिली असती, तर त्यांना चार सेकंद मिळाले असते. चार सेकंदांत माणूस ऐकतो, काय आहे ते ओळखतो, मागं वळून बघतो, पदर सावरतो आणि कडेला होतो. सगळं निवांत.

तेव्हा चालणाऱ्यांच्या वाटेवर घंटी किती मोठ्यानं वाजते हा प्रश्नच नाही. २० मीटरवर ऐकू जाईल, तरी जवळच्याला दचकवणार नाही, अशी घंटी हवी. ती शोधत मी चार दुकानं पालथी घातली, आणि शेवटी उत्तर सायकलच्या दुकानात नाही, मिरजेत सापडलं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझे एक जुने स्नेही आहेत. तिथली सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपण वाचलं असेलच. मी खिशातून तीन घंट्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या. एक ॲल्युमिनियमची, एक पोलादी, एक पितळी. ते हसले. मग पहिलीची वाटी स्क्रूपाशी चिमटीत धरली आणि पेन्सिलीनं काठावर हलकेच टिचकी दिली. टिण. संपलं. पोलादी जरा लांबली, पण आवाज पत्र्याच्या अंगाचा. पितळी वाजवली आणि ते बोटं मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार... "हिला आस आहे," ते म्हणाले.

आस हा त्यांचा शब्द. तार छेडल्यावर जो नाद मागं रेंगाळतो ती आस. मला एकदम पटलं. टोला माणसाला दचकवतो. आस त्याला सांगते की काहीतरी येतंय, अजून येतंय, आता जवळ आलं. ज्या घंटीला आस आहे, ती हळू वाजवली तरी पोचते. जिला आस नाही, ती पुनःपुन्हा बडवावी लागते, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं, हा माझ्यावर खेकसतोय.

ही पारख तुम्हीही दुकानात उभ्या उभ्या करू शकता. वाटी मधोमध धरायची, काठाला हात लावायचा नाही, टिचकी द्यायची आणि मनात मोजायचं. दोनच्या आत विझली तर परत ठेवा. मधोमधच का धरायची? घरी पितळेची वाटी घ्या, तळहातावर ठेवा, चमच्यानं काठाला टोला द्या. छान वाजेल. आता काठाला नुसतं एक बोट लावा. मेली. वाटीचा काठ आत-बाहेर थरथरतो, मधला भाग जवळजवळ स्थिर असतो. म्हणूनच सायकलच्या घंटीचा स्क्रू मधोमध असतो. आणि म्हणूनच ब्रेकची केबल वाटीच्या काठाला टेकत असेल, तर चांगल्यातली चांगली घंटीही ठक्क वाजते. पुष्कळ लोक अशा वेळी घंटीला नावं ठेवतात. बिचारीचा काही दोष नसतो, तिला दोन बोटं सरकवली की भागतं.

आता आपली जुनी घंटी. अंगठ्यानं खटका ओढला की आतली दातेरी चाकं फिरतात, त्यांच्याबरोबर सैल चकत्या गरगरतात, बाहेर फेकल्या जातात आणि वाटीला आतून टकाटका आपटतात. ट्रिंग ट्रिंग. सायकलच्या घंटीचं पेटंट बर्मिंगहॅमच्या जॉन रिचर्ड डेडिकोट यांनी १८७७ साली घेतलं असं सांगतात. म्हणजे हे यंत्र जुनंच. बाजारात मला हीच घंटी आवडते. मारुती रोडवर संध्याकाळी एखादा नाजूक टोला कुणाला ऐकू जाणार? पण सकाळच्या शांत वाटेवर तिची तक्रार अशी की तिला हळू बोलताच येत नाही. खटका ओढला की दहा-बारा टोले एकदम. त्यापेक्षा एकच हातोडी असलेली घंटी बरी. स्प्रिंगवरची हातोडी बोटानं मागं ओढून सोडायची. थोडी ओढली तर हळू, जास्त ओढली तर जोरात. आवाजाची सूत्रं आपल्या बोटाच्या टोकावर राहतात.

हल्ली हँडलच्या नळीला कडं घातल्यासारखी, दिसतच नाही अशी घंटी मिळते. दिसायला सुरेख. पण मला एक शंका आहे, आणि ती वयाची आहे. म्हातारपणी कान जातात तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. चिमुकली घंटी उंच पट्टीत वाजते, मोठी वाटी खालच्या पट्टीत. आणि सकाळी सहाला हरिपूर रस्त्यावर चालणारे कोण? बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. नातवाला जी 'टिंग' खणखणीत ऐकू येते, ती आजोबांच्या कानापर्यंत जाईलच असं नाही. म्हणून घंटी निवडताना स्वतःच्या कानाला विचारू नका. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला अंगणात पाठमोरं उभं करा, वीस पावलांवर जा आणि वाजवा. माझ्या परीक्षक आमच्या थोरल्या वहिनी होत्या. पाचांपैकी दोन घंट्यांना त्या वळल्याच नाहीत.

घंटी पसंत पडली तरी ती बसेल का, हा पुढचा घोळ. हँडलची जाडी सगळीकडं सारखी नसते. घरी कॅलिपर नसतो, कागदाची पट्टी असते. ती हँडलभोवती गुंडाळा आणि जिथं जुळेल तिथं खूण करा. पट्टी ७ सेंटिमीटर भरली तर जाडी २२ मिलिमीटरच्या आसपास. मुठीजवळ आणि आपल्या काळ्या सायकलींना बहुधा हीच असते. ८ भरली तर २५.४. आणि १० भरली तर ३१.८, म्हणजे नव्या गिअरच्या सायकलींचा मधला जाड भाग. तिथं जुन्या घंटीचा पट्टा पोचतच नाही. मी तो ताणून बसवायला गेलो आणि पट्टाच तुटला. शिवाय जागा बघून घ्या. ब्रेकवरची बोटं न काढता अंगठा घंटीवर गेला पाहिजे. घंटी वाजवायची वेळ आणि ब्रेक दाबायची वेळ एकच असते.

आता रस्ता सोडून जरा शेतात येऊ. आपल्याकडच्या पाणंदी तुम्हाला माहीतच आहेत. दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेलेला, वळणापलीकडचं काही दिसत नाही. समोरून बाई भारा घेऊन येतेय, शेरडं येतायत, काही कळत नाही. अशा वाटेवर बैलगाडीवाल्यांनी पूर्वीच उपाय काढला होता, घुंगरमाळ. खिलारी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा शोभेच्या खऱ्या, पण पाणंदीत दोन गाड्या बसत नाहीत, आणि पलीकडचा घुंगुर ऐकू आला की अलीकडचा गाडीवान रुंद जागी थांबायचा, असं आमचे वडील सांगत. कुणी काही वाजवायचं नाही. चालीबरोबर आवाज आपोआप.

गंमत बघा, डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्यांसाठी परदेशात नेमकी हीच घंटी निघालीय. हँडलला लोंबणारा लहानसा घुंगुर, वाट खडबडीत असली की हादऱ्यानं आपोआप किणकिणतो. सपाट रस्त्यावर नको असेल तर खटका सरकवून गप्प करायचा. दंडोबाच्या डोंगरावरून उतरताना मला तिचं मोल कळलं. उतारावर दोन्ही हात ब्रेकवर गुंतलेले, अंगठा मोकळा नाही, आणि वळणापलीकडं देवाला आलेली माणसं. तिथं ही घंटी माझ्या आधी वळणावर पोचते. मात्र ती घेऊन गावातून फिरू नका. आमच्या गल्लीत मला दोन दिवस कुल्फीवाला समजत होते.

एक गोष्ट कबूल करतो. गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उसानं भरून, गाणी लावून येतो, तेव्हा पितळ, पोलाद, मिरजेची आस, कशाचाही उपयोग नाही. सायकल घ्यावी कडेला, पाय टेकावा आणि गाणं ऐकावं.

वाजवायची कशी, याबद्दल फार सांगत नाही. लांबून एक टोला. माणूस हलला नाही तर वेग कमी करून दुसरा. तरीही नाही, तर कानात काहीतरी खुपसलेलं आहे किंवा ऐकूच येत नाही असं धरून तोंडानं "उजवीकडनं येतोय" म्हणायचं आणि पायी चालल्याच्या वेगानं जायचं. हलणं ही त्याची जबाबदारी नाही. जपानमधला कायदा या बाबतीत मला फार आवडतो. तिथं फलक लावलेल्या जागा आणि खरोखरचा धोका सोडला, तर घंटी वाजवायचीच नाही. पुढच्यानं बाजूला व्हावं म्हणून वाजवली, तर तो वाजवणाऱ्याचा गुन्हा. आपल्याकडं असा नियम आला तर निम्मं गाव आत जाईल, आणि पहिला मी.

तर शेवटी मी मोठ्या वाटीची, एका हातोडीची पितळी घंटी घेतली. त्या आजी आता ओळखीच्या झाल्यात. लांबून टोला ऐकला की मागं न बघताच परडीचा हात बदलतात आणि म्हणतात, "या मास्तर, जावा फुडं." त्यांच्याबरोबरच्या बाई मात्र अजून दर वेळी नेमक्या माझ्याच बाजूला सरकतात. त्याला कुठल्याच घंटीत उपाय नाही.

पावसाळ्यात एवढं करा. हातोडीची स्प्रिंग गंजते, तिला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. वाटीच्या आत तेल नको, तेलावर धूळ बसते आणि आवाज बसतो. पूरपाण्यातून सायकल आणली असेल तर वाटी काढून आतला गाळ धुवा; कृष्णेचा गाळ एकदा वाळला की वाटीला लिंपल्यासारखा चिकटतो.

आणि वाटी सांभाळा. आमच्या कॉलेजच्या दिवसांत सायकल स्टँडवरून घंटीच्या वाट्या पळवणं हा एक खेळ होता. मीही एक-दोन पळवल्या असतील, आता लपवून काय करू. त्याची परतफेड गेल्या महिन्यात झाली. भाजी घ्यायला दहा मिनिटं सायकल लावली, येऊन बघतो तर हातोडी जागेवर आणि वाटी गायब. तेव्हा श्रोतेहो, चार मोजेपर्यंत वाजत राहणारी घंटी तुम्हाला हरिपूर रस्त्यावर मागून ऐकू आली, तर आधी त्याला वाट द्या, आणि मग वाटी कुठून आणली ते विचारा.

नमस्कार.