शेजारच्या सीटवरची मावशी

मंडळी, तुर्कस्तानात रात्रीच्या बसचं तिकीट काढायला गेलात तर खिडकीपलीकडचा माणूस कुठं जायचं ते विचारतो आणि लगेच पुढचं विचारतो : प्रवासी बाई की पुरुष? ऑनलाइन आरक्षणातही तेच. बसचा आराखडा उघडतो आणि भरलेल्या जागा गुलाबी नि निळ्या दिसतात. गुलाबी जागेच्या शेजारची सीट अनोळखी पुरुषाला मिळत नाही. नवरा-बायको, भाऊ-बहीण एकत्र तिकीट काढत असतील तर प्रश्न नाही.

या पद्धतीवर नाक मुरडायला भरपूर जागा आहे, आणि तिथल्या मुलीही मुरडतात. कुणाशेजारी बसायचं ते बसकंपनीनं का ठरवावं, हा त्यांचा सवाल मला पटतो. तरीही प्रामाणिकपणे सांगते, तुर्कस्तानातली जी काही घरं मला आतून बघायला मिळाली, ती बहुतेक या गुलाबी चौकोनामुळे. माझा एक मित्र त्याच रस्त्यांनी, तशाच बसनं फिरला. त्याला चहाच्या टपऱ्या भेटल्या, पत्ते कुटणारे आजोबा भेटले, फुटबॉलवर वाद घालायला माणसं भेटली. स्वयंपाकघर एकही भेटलं नाही.

आता ही बस कशी असते ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुर्कस्तानात आगगाडीपेक्षा बस मोठी. 1950 नंतर तिथं रस्त्यांवर जोर आला आणि लांबचा प्रवास बसकडे गेला. आता स्वस्त विमानं आहेत, अंकारा-कोन्या वेगवान रेल्वे 2011 पासून धावतेय, पण पाचसहा पिशव्या, तुपाचा डबा आणि नातवंडं घेऊन जाणारं कुटुंब अजून बसनंच जातं. बसस्थानकाला म्हणतात ओतोगार. इस्तंबूलचं एसेनलेरचं ओतोगार म्हणजे एक स्वतंत्र शहरच. बसमध्ये ड्रायव्हरखेरीज एक पोरगा असतो, मुआविन. तो ढकलगाडीवरून चहा आणि केक फिरवतो आणि तुमच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओततो. हात चोळायचे, थोडं मानेला लावायचं. आपल्याकडच्या लग्नात दारातच अत्तर लावतात ना, तसं थेट आत घेतल्यासारखं वाटतं.

तर मी इस्तंबूलहून कायसेरीला निघाले होते. सुमारे पावणेआठशे किलोमीटर, सगळी रात्र. शेजारी साठीच्या पुढच्या एक बाई. फुलाफुलांचा रुमाल, मांडीवर कापडी पिशवी. त्यांचा मुलगा, सून आणि नात मागच्या रांगेत. तिथं अनोळखी वयस्क बाईला तेयझे म्हणतात, म्हणजे मावशीच. मीही तेच म्हटलं. शहराबाहेर पडायच्या आत पिशवी उघडली : चीज भरलेलं बोरेक, उकडलेली अंडी, काकड्या, ऑलिव्ह. मला विचारलंसुद्धा नाही, रुमालावर माझा वाटा मांडला. मी माझ्याकडचा चिवडा काढला. त्यांनी एक दाणा चाखला, मग मागं नातीकडे पुडा दिला आणि तो परत आलाच नाही.

संभाषण मोबाइलच्या भाषांतरावर. प्रश्न आपल्या ओळखीचेच. लग्न झालं का? आई-वडील आहेत का? एकटीला कसं सोडलं? भारत म्हटल्यावर त्यांना राज कपूर आठवला. सुनेला आठवल्या हिंदी मालिका. दहाएक वर्षांपूर्वी तिकडच्या वाहिन्यांवर त्या तुर्कीत डब होऊन दुपारी लागायच्या. माझ्या कपाळाकडे बघून सून म्हणाली, टिकली कुठाय? आता जीन्स-जॅकेटवर टिकली लावत नाही हे तिला कसं समजावणार!

मध्यरात्रीनंतर बोलूजवळ बस थांबली. या थांब्याला मोला म्हणतात. अर्धा तास, झगझगीत दिवे, भलंमोठं हॉटेल. या बोलू प्रांतातलं मेंगेन हे आचाऱ्यांचं गाव म्हणून देशभर प्रसिद्ध आहे, पण रात्री एक वाजता सगळे पितात ते एकच, मसुरीचं गरम सूप. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं, कधीकधी त्यात मटणाचं पाणी असतं. पैसे द्यायला मी काउंटरवर गेले तर मावशींच्या मुलानं आधीच दिलेले. वाद घातला. मावशींनी माझं मनगट धरून मला बाकावर बसवलं. विषय संपला.

थोडं आडवळण घेते. तेराव्या शतकात याच अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागात, सेल्जुक सुलतानांनी व्यापारी रस्त्यांवर दिवसभराच्या चालीच्या अंतरानं सराया बांधल्या. अक्सराय प्रांतातली सुलतानहानी 1229 सालची. तिचा दगडी दरवाजा आजही बघावा असा. अशा सरायांमध्ये वाटसरूला, तो कुठल्याही धर्माचा असो, वक्फच्या, म्हणजे धर्मादाय दान दिलेल्या मालमत्तेच्या, उत्पन्नातून तीन दिवस जेवण आणि निवारा मिळे. म्हणजे आतिथ्य हा निव्वळ तिथल्या माणसांचा स्वभाव, असं म्हणून मोकळं होऊ नका. त्यामागं पैसा होता, इमारती होत्या, नियम होते. माझ्या सुपाचं बिल त्या रांगेत कुठंतरी बसतं.

सकाळी कायसेरीला उतरले तेव्हा मुलानं विचारलं, घरी येतेस का, दुपारी शहरात सोडू. गेले. दुपारचं दुसऱ्या दिवशीवर गेलं.

कायसेरीची खासियत म्हणजे मांती. मैद्याची पारी लाटायची, तीही ओक्लावा नावाच्या लांब, काठीसारख्या लाटण्यानं, इतकी पातळ की खालचं कापड दिसावं. तिचे नखाएवढे चौकोन कापायचे, प्रत्येकात खिम्याचा कण ठेवायचा आणि चारी टोकं वर घेऊन चिमटायची. उकडून, वर लसणीचं दही, त्यावर लाल मिरचीचं तापलेलं लोणी, सुकलेला पुदिना. कायसेरीत म्हणतात, एका चमच्यात चाळीस मांती मावल्या तर ती सून हुशार. आता विचार करा, एका चमच्यात चाळीस, आणि जेवणारी माणसं आठ.

आम्ही चौघी जमिनीवर गोल बसून चिमटत होतो. मावशी, सून, शेजारीण आणि मी. फोन बाजूला पडला होता, पिठानं बरबटलेल्या हातांनी कोण उचलणार? रात्रभर बसमध्ये बसून आलेली सून सकाळपासून कामाला लागलेली. नवरा बाहेर पाहुणीबद्दल शेजाऱ्यांना सांगत होता. मी तिला खुणेनं विचारलं, दमलीस? तिनं सासूकडे एकदा बघितलं, आणि डोळे मोठे करून मान हलवली. मग दोघी हसलो.

म्हणून पाठीवर सॅक टाकून फिरणारी मुलं जेव्हा फुशारकीनं सांगतात की आठवडाभर लोकांच्या घरी फुकट राहिलो, तेव्हा मला राग येतो. फुकट काही नव्हतं. हिशोब कुणाच्या तरी सुनेच्या नावावर पडला. तुमचा हॉटेलचा खर्च वाचला तो तिच्या मनगटांनी भरला. निमंत्रण स्वीकारा, जरूर स्वीकारा, पण रिकाम्या हातानं जाऊ नका. ओतोगारजवळ मिठाईचं दुकान हमखास असतं, किलोभर बकलावा घ्या. पैसे देऊ नका, अपमान होतो. भांडी विसळायला उठा. तिथं चहा थांबत नाही. पुरे झाला की छोटा चमचा ग्लासावर आडवा ठेवतात, म्हणजे यजमानीण ओतायची थांबते. ती खूण लवकर शिका, तिच्या दहा खेपा वाचतील.

निघताना मावशींनी गाडीमागं तांब्याभर पाणी ओतलं. पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये, असा त्याचा अर्थ. हे मी ओतोगारवर इतरत्रही पाहिलं, विशेषतः मुलं सक्तीच्या सैनिकी सेवेला निघतात तेव्हा. 2019 पासून ती सहा महिन्यांवर आली आहे, पण निरोपाचा थाट कमी झालेला नाही. ढोल-सनई, झेंडे, पोराला हवेत उडवणं, बस अडवून नाचणं. तुम्ही परके आहात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. करंगळीत करंगळी अडकवून साखळीत ओढतात. आई मात्र नाचत नाही. तिच्या शेजारी उभं राहणं बरं.

मघाशी चिठ्ठी आली आहे, एकटी बाई म्हणून भीती वाटली नाही का? वाटते. माझा नियम साधा आहे. निमंत्रण घरातल्या बाईकडून यायला हवं, निदान तिच्या समोर. निर्णय उजेडात घ्यायचा, रात्रीच्या थांब्यावर नाही. पत्ता आधी आपल्या माणसाला पाठवायचा, आणि हे यजमानांच्या देखत करायचं. चांगल्या घरातली माणसं उलट तो पत्ता स्वतः टाइप करून देतात. मनात किंचितही किंतू आला तर उजवा हात छातीवर ठेवून, मान जरा झुकवून नाही म्हणा. तिथं हे नाही सभ्य समजतात. फार तर बस सुटायच्या आत तुमच्या पिशवीत बिस्किटांचा पुडा कोंबतील.