खासदारानं देश बघायचा की आपलं गटार?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न तुम्ही इतक्या वेळा विचारलात की आज दुसरं काही बोलायची सोय नाही. खासदारानं देशहित आधी बघावं की मतदारसंघाचं?

शाळेतलं भराभर उरकतो. लोकसभेच्या जागा ५४३, महाराष्ट्राच्या ४८. खासदार शपथ घेतो त्यात संविधानावरची निष्ठा येते, देशाची सार्वभौमता आणि एकात्मता येते, मतदारसंघाचं नावही येत नाही. झालं.

एका दादांनी लिहिलंय, 'खासदार आमच्या गल्लीतलं गटार बघत नाही.' अहो, गटार नगरपालिकेचं! नगरसेवकाला धरा ना. 'मग फंड कुठे जातो?' खासदाराला विकासकामांसाठी वर्षाला ५ कोटी. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे ६ मतदारसंघ, म्हणजे एकेकाला ८३ लाखांच्या आसपास. तेही खासदार फक्त काम सुचवतो, खर्च जिल्हा प्रशासन करतं. असो, मला भलतीकडे नेऊ नका.

मुद्दा असा, की देश की गाव हे ठरवायला खासदार मोकळा आहे असं आपण धरूनच चालतो. तो मोकळा नाही. १९८५ साली पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षानं व्हिप, म्हणजे सभागृहात कसं मत द्यायचं याचा आदेश, काढला आणि तुम्ही विरोधात मत दिलंत किंवा मतदानाला गैरहजर राहिलात, आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. कायदा आणला फोडाफोडी थांबवायला. ती किती थांबली ते महाराष्ट्रात राहणाऱ्यांना मी काय सांगू!

अजून पटत नाही? एका लग्नाच्या पंगतीत एक खासदार माझ्या शेजारी बसले होते. गावच्या सभेत त्यांनी एका विधेयकाला शिव्या घातल्या होत्या आणि दिल्लीत त्याच विधेयकाच्या बाजूनं मत दिलं होतं. मी विचारलं, हे कसं काय? मठ्ठ्याचा घोट घेऊन म्हणाले, "व्हिप होता रे." संपलं! त्यात देशही नव्हता आणि आमचं गावही नव्हतं.

आता हेच चिंतामणराव देशमुखांकडून बघा. महाडजवळच्या नाते गावचे. माझं आजोळ त्याच बाजूला, त्यामुळे हे नाव मी लहानपणापासून ऐकतोय. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, आणि खासदार कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे. माणूस सगळ्या देशाचा हिशेब बघणारा. पण मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय जाहीर झाला, ही त्यांची तक्रार होती, आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशीही त्यांना हवी होती.

मला सांगा, हे स्थानिक हित की राष्ट्रहित? दिल्लीतून बघणाऱ्याला तो प्रांताचा हट्ट वाटला. मला तर मंत्रिमंडळाला विचारात घ्या म्हणणं देशाच्याच हिताचं वाटतं. नुसतं 'राष्ट्रहित' म्हणून कोणी गप्प करायला लागलं की मी आधी विचारतो, हे ठरवलं कोणी आणि कोणासमोर? हां, उलटही असतं. धरणाचं पाणी खालच्या जिल्ह्याला सोडायचं म्हटलं की आपल्याकडे सगळे पक्ष एका रात्रीत 'स्थानिक' होतात. तेव्हा मी दिल्लीच्या बाजूचा नसलो तरी खालच्या जिल्ह्याच्या बाजूचा असतो.

आणि फरक बघा. देशमुख बोलले, त्यांचं मंत्रिपद गेलं. आज साधा खासदार व्हिपविरुद्ध गेला तर खासदारकीच पणाला लागते. व्हिप फक्त सरकार पडण्या-टिकण्याच्या आणि पैशाच्या विधेयकांपुरता ठेवा, बाकी मतं मोकळी सोडा, मग मी खासदाराला देश की गाव हा प्रश्न विचारीन. आत्ता विचारून तो बिचारा काय सांगणार?

'मग अपक्षाला निवडून देऊ का?' असं विचारणाऱ्या ताई, अपक्षाला व्हिप नसतो हे खरं. पण सभागृहात बोलायची वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटली जाते. तुमचा अपक्ष उभा राहून कुठे गावाचं नाव घेतोय, तोवर घंटी वाजते.